डोलो, क्रोसिन, कॅलपॉल: नावं वेगळी, औषध एकच, मग ओव्हरडोस नकळत कसा होतो?

ताप आला, अंग दुखायला लागलं की बहुतेक घरांत औषधांच्या डब्यातून एक ओळखीची गोळी निघते. कुणाच्या घरी ती क्रोसिन असते, कुणाच्या घरी डोलो, तर कुणाकडे कॅलपॉल. या तिन्हींतलं मुख्य औषध एकच आहे, ते म्हणजे पॅरासिटामॉल.

योग्य प्रमाणात घेतलं तर हे औषध सुरक्षित मानलं जातं. धोका आहे तो नकळत जास्त घेण्यात.

ताप कसा उतरतो?

शरीरात जंतुसंसर्ग झाला की मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढतात. ती शरीराचं तापमान ठरवणाऱ्या केंद्राला ‘तापमान वाढव’ असा इशारा देतात. पॅरासिटामॉल ही रसायनं कमी करतं. मग घाम येतो आणि ताप उतरतो. दुखणंही याच कारणाने काही प्रमाणात कमी होतं, पण औषधाची वेदनेवरची नेमकी क्रिया शास्त्रज्ञांना अजून पूर्ण उलगडलेली नाही.

गोळीचा परिणाम साधारण अर्ध्या ते एक तासात जाणवतो. पण ती मूळ आजार बरा करत नाही. सूजही फारशी कमी करत नाही.

किती घ्यायची?

निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर आणि २४ तासांत जास्तीत जास्त ४००० मिलिग्रॅम, अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, लिव्हरचा आजार असेल, नियमित दारू पीत असाल किंवा बरेच दिवस नीट जेवण नसेल, तर ही मर्यादा आणखी कमी होते. अशा वेळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

गडबड कुठे होते?

समजा, तापासाठी ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या घेतल्या. झाले २६०० मिलिग्रॅम. त्याच दिवशी सर्दीच्या तीन गोळ्या घेतल्या. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, म्हणजे आणखी १५००. एकूण झाले ४१००! कॉम्बिफ्लॅमसारख्या अंगदुखीच्या गोळीतही आयबुप्रोफेनसोबत पॅरासिटामॉल असतंच.

परदेशी जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवा: अमेरिकेत पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात. तिथली टायलेनॉल म्हणजे हेच औषध.

जास्त झालं तर?

पॅरासिटामॉलचं विघटन लिव्हरमध्ये होतं. त्यातला थोडा भाग विषारी पदार्थात बदलतो आणि लिव्हरमधलं ग्लुटाथिओन त्याला निष्प्रभ करतं. डोस फार जास्त झाला की हा साठा संपतो आणि लिव्हरच्या पेशी मरू लागतात.

पहिल्या दिवशी फक्त मळमळ होते, कधी कधी तीही नाही. लिव्हरचं नुकसान बऱ्याचदा दोन-तीन दिवसांनी दिसतं. म्हणून त्रास होण्याची वाट पाहू नका. गोळ्यांची पाकिटं घेऊन लगेच हॉस्पिटल गाठा. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सर्वांत परिणामकारक ठरतो.

हे लक्षात ठेवा

• लहान मुलांचा डोस वयापेक्षा वजनावर ठरतो: एका वेळी साधारण किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असते. घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं मापच वापरा.

• तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर आधी डॉक्टरांकडे न्या.

• डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूच्या तापात डॉक्टर पॅरासिटामॉलच देतात.

• तीन दिवसांत ताप उतरला नाही तर गोळ्या घेत राहण्यापेक्षा तपासणी करून घ्या.

• मेडिकलमधून दुसरी गोळी घेताना एकच प्रश्न विचारा: “यात पॅरासिटामॉल आहे का?”