एकशेपंचाहत्तरांतील सात चित्रे

१९९० च्या एप्रिलच्या ७ तारखेस ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरी रॉबर्ट मॅपलथॉर्प या छायाचित्रकाराचे प्रदर्शन लोकांस खुले झाले, आणि त्याच दिवशी पोलिसांनी प्रेक्षकांस बाहेर काढून रित्या दालनांतील चित्रांचे पुराव्यादाखल चित्रीकरण करून घेतले. १७५ चित्रांपैकी सात आक्षेपार्ह ठरली होती: पाच पुरुषांच्या उग्र कामाचाराची, दोन विवस्त्र बालकांची, आणि ही दोन त्या मुलांच्या मातांच्या संमतीने टिपलेली. मॅपलथॉर्प आदल्या वर्षी मार्चमध्येच, वयाच्या ४२ व्या वर्षी, एड्सने निवर्तला होता. त्यामुळे अश्लीलतेच्या फिर्यादीला सामोरे जावे लागले ते तेथील कंटेम्पररी आर्ट्स सेंटरला आणि त्याचे संचालक डेनिस बॅरी यांना.

वादाची ठिणगी वॉशिंग्टनात पडली होती. या प्रदर्शनास सरकारी तिजोरीतून ३०,००० डॉलर मिळाले होते; मूत्रात बुडविलेल्या क्रूसाचे छायाचित्र काढणाऱ्या आंद्रेस सेरानो यास एका अनुदानित संस्थेमार्फत १५,००० पोचले होते. १९८९ च्या जूनमध्ये कॉर्कोरन कलादालनाने भीतीपोटी मॅपलथॉर्पचे प्रदर्शन रद्द केले, आणि पुढे कायदेमंडळाने नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या कलांना अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेच्या सुमारे १७ कोटींच्या तरतुदीतून नेमके ४५,००० डॉलर कापले. ती रक्कम नगण्य असली, तरी तिच्यातली ताकीद देशभरच्या कलावंतांना बरोबर कळली.

सिनसिनाटीत आक्षेपार्ह ठरलेली कामाचाराची ती पाच चित्रे तेरा-तेरांच्या तीन संचांपैकी एकातली. एका संचात हा कामाचार, दुसऱ्यात फुले, तिसऱ्यात कृष्णवर्णीय पुरुष, अशी ती उतरत्या मेजावर मांडलेली असत. पाहणाऱ्यास वाकून पाहावे लागे, आणि लिलीच्या देठावर पडलेला प्रकाश ज्या शांततेने पडला आहे, त्याच शांततेने तो कातड्याच्या पट्ट्यावरही पडल्याचे त्याच्या ध्यानी येई. मॅपलथॉर्पचे सामर्थ्य मला या शेजारातच दिसते. १९७३ पासूनचा कायदाही कृतीचे मूल्य समग्रतेने जोखा, असेच सांगत होता. परंतु न्यायाधीशांनी प्रत्येक चित्र स्वतंत्र कृती मानले, आणि शेजार तुटला.

चार स्त्रिया व चार पुरुष अशा आठ ज्यूरींसमोर, ज्यांतील बहुतेकांचा कलादालनांशी फारसा संबंध नव्हता, बचावाच्या तज्ज्ञांनी छायाप्रकाश, रेषा, समतोल यांचे विवेचन केले. ५ ऑक्टोबरला सर्व आरोपी निर्दोष सुटले. चित्रे आवडली नाहीत, पण जाणते त्यांस कला म्हणतात, असे काही ज्यूरींनी मागाहून सांगितले. या निकालाचा मला आनंद वाटतो, आणि खेदही; कारण पुरुषाची पुरुषाविषयीची वासना, तिच्यातील वेदना, आणि त्या दशकात समलिंगी पुरुषांवर कोसळलेले मरण, हा जो त्या चित्रांचा खरा विषय, त्यास रेषांच्या समतोलाआड झाकूनच ती सुटका मिळवावी लागली.

निकालास जेमतेम महिना होतो न होतो तोच, अनुदान देताना सभ्यतेच्या सर्वसामान्य मर्यादा विचारात घ्याव्यात, असे कलम कायद्यात आले; कॅरन फिन्ली व इतर तिघा कलावंतांनी त्यास दिलेले आव्हान १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी फेटाळले. तोवर कलावंतांस व्यक्तिशः मिळणारी बहुतेक अनुदाने बंदही झाली होती.