पेनिसिलिन ॲलर्जीची पडताळणी

रुग्णाच्या नोंदीत असलेली पेनिसिलिनची ॲलर्जी खरोखरच आहे किंवा नाही, हे ठरविण्याच्या वैद्यकीय प्रक्रियेस पेनिसिलिन ॲलर्जीची पडताळणी असे म्हणतात. अमेरिकेत सुमारे १० टक्के रुग्णांच्या कागदपत्रांत अशी नोंद आढळते. मात्र रीतसर तपासणीअंती त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना हे औषध निर्धोकपणे देता येते.

चुकीच्या नोंदी

बालपणी तापात औषध घेतले, अंगावर पुरळ उठले आणि दोष औषधाच्या माथी गेला, असे पुष्कळदा घडते. वस्तुतः ते पुरळ विषाणुजन्य आजाराचेही असू शकते. मळमळ व जुलाब हे औषधाचे दुष्परिणाम होत, ॲलर्जी नव्हे. आणि केवळ आईला त्रास झाला म्हणून मुलाच्या नावापुढे तशी नोंद करणे निराधार आहे. खरी ॲलर्जीदेखील कालांतराने ओसरते. तात्काळ प्रकारची ॲलर्जी असणाऱ्या सुमारे ८० टक्के रुग्णांमध्ये ती १० वर्षांनंतर उरत नाही. नोंद मात्र जन्मभर सोबत करते.

ही नोंद निरुपद्रवी नसते. पेनिसिलिन टाळल्यामुळे अधिक व्यापक परिणामाची प्रतिजैविके द्यावी लागतात. ब्रिटनमधील रुग्णांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशी नोंद असलेल्यांमध्ये मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूच्या संसर्गाचा धोका ६९ टक्क्यांनी अधिक आढळला.

पद्धत

पूर्वेतिहास हा पडताळणीचा पाया होय. त्रास केव्हा झाला, औषध घेतल्यावर किती वेळाने झाला, धाप लागली किंवा ओठ सुजले काय, उपचार करावे लागले काय, हे बारकाईने विचारतात. 'पेन-फास्ट' या गुणांकनात गेल्या ५ वर्षांतील त्रासास २, ॲनाफिलॅक्सिस, चेहऱ्याची सूज किंवा त्वचेच्या गंभीर प्रतिक्रियेस २ आणि उपचारांची गरज पडल्यास १ गुण असतो. एकूण गुण ३ हून कमी असल्यास धोका अल्प मानतात. अशा रुग्णांना त्वचाचाचणीशिवाय, देखरेखीखाली थेट तोंडावाटे औषधाची मात्रा देता येते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ३७७ प्रौढांच्या 'पॅलेस' चाचणीत ही पद्धत आजमावली गेली आणि ती त्वचाचाचणीच्या मार्गाहून कमी सुरक्षित ठरली नाही.

इतरांची प्रथम त्वचाचाचणी करतात. ती निर्दोष आल्यावरही तोंडावाटे मात्रा देऊन खात्री करावी लागते. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमसारखी प्रतिक्रिया पूर्वी येऊन गेलेल्या रुग्णास मात्र पेनिसिलिन पुन्हा देऊन पाहणे वर्ज्य आहे.

भारतातील स्थिती

भारतात इंजेक्शनापूर्वी विरळ केलेले पेनिसिलिन त्वचेत टोचून पाहण्याची, म्हणजेच 'टेस्ट डोस'ची, रूढी आहे. तुलनेसाठी हिस्टामिन व सलाइनही टोचले नाही, तर सुईने आलेली साधी लालीदेखील ॲलर्जी समजली जाते. याची झळ ऱ्हुमॅटिक हृदयविकाराच्या रुग्णांना, विशेषतः मुलांना, बसू शकते. कारण हृदयाच्या झडपा आणखी बिघडू नयेत यासाठी त्यांना दर ३ ते ४ आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते.