प्रपंच सोडावा की सांभाळावा?

देवगाव फाटा हे नाव तुम्ही गावाचे म्हणून फारसे ऐकले नसेल, पण एस.टी.ने या बाजूला प्रवास केला असेल तर फाट्याचे म्हणून नक्कीच ऐकले असेल. जालन्याकडून मंठ्यावरून येणारी सडक पुढे जिंतूरला जाते, आणि येथून सेलूकडे एक वाट फुटते. गाडी बदलायची म्हणजे येथे उतरायचे, चहा घ्यायचा आणि रस्त्याकडे बघत बसायचे. मी या भागातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. माझ्या आयुष्यातले बरेचसे तास या फाट्यावर गेले आहेत, आणि खरे सांगायचे तर ते सगळेच वाया गेलेले नाहीत.

असाच एकदा बसलो होतो. हिवाळ्याचे दिवस. वर्गातला एक विद्यार्थी भेटला. त्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्याला जायचे होते. घरी चार एकर रान, दोन म्हशी आणि कंबरेने अधू झालेले वडील. त्याने विचारले, "सर, घर सोडून जाणं चूक आहे का?"

आम्हा मास्तरांना एक खोड असते. प्रश्न विचारणाऱ्याकडे न बघता आम्ही इतिहासाकडे बघतो. मी त्याला म्हटलं, अरे, याच सडकेने जालन्याकडे निघालास की त्या जिल्ह्यात जांब लागते. समर्थ रामदास तिथले. जन्म १६०८ चा. परंपरा सांगते की बाराव्या वर्षी बोहल्यावर "सावधान" हा शब्द ऐकला आणि तो मुलगा मांडवातून निघून गेला. नाशिकजवळ टाकळीला त्याने बारा वर्षे तप केले, पुढे बारा वर्षे देश पायाखाली घातला. घर सोडले म्हणून तर एवढा माणूस घडला!

मुलगा ऐकत होता. मग म्हणाला, "त्यांच्या आईचं काय झालं, सर?"

या प्रश्नाने मी थांबलो. आईचे काय झाले हे परंपरेने लपवलेले नाही. चोवीस वर्षांनी रामदास जांबेला परतले तेव्हा राणूबाई रडून रडून आंधळ्या झाल्या होत्या, असे सांगतात. मुलाच्या स्पर्शाने त्यांना दृष्टी आली, असेही सांगतात. हा चमत्कार घडला की नाही, हा वाद आपण बाजूला ठेवू. मला त्या कथेतला प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो. ज्या भक्तांनी ही कथा जपली त्यांनाही आत कुठेतरी ठाऊक होते की मुलाच्या वैराग्याची किंमत आईच्या डोळ्यांनी चुकती केली आहे, आणि ते डोळे परत दिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. अंतरपाटापलीकडे उभ्या राहिलेल्या मुलीविषयी मात्र परंपरा जवळजवळ मुकी आहे. आणखी मौज पाहा. स्वतः मांडवातून निघून गेलेल्या याच पुरुषाने दासबोधाच्या बाराव्या दशकात संसारी माणसाला दिलेला सल्ला असा, की संसार टाकून धावू नये, तो आधी नीट उभा करावा. ही विसंगती आहे की अनुभवाचे शहाणपण? मला दुसरे वाटते.

पण रामदासांच्याही तीनशे वर्षे आधी, याच मुलखात, हा प्रश्न फार तीव्रपणे विचारला गेला होता. त्यासाठी उलट दिशेला, जिंतूरच्या बाजूला जावे लागेल. वाटेवर चारठाणा लागते. तिथली यादवकालीन देवळे आणि कोरीव दगडी स्तंभ पाहिला म्हणजे या आजच्या कोरड्या वाटणाऱ्या प्रदेशात एकेकाळी किती पैसा, किती कलाकुसर आणि किती विद्या नांदत होती याची कल्पना येते. त्याच काळातला एक कवी म्हणजे भास्करभट्ट बोरीकर. त्यांची बोरी परभणी जिल्ह्यातलीच, असे अभ्यासक मानतात. मोठे संस्कृत पंडित. पुढे ते महानुभाव पंथात आले, नागदेवाचार्यांचे शिष्य झाले, आणि कालांतराने पंथाचे आचार्यही झाले. पंथात त्यांना "कवीश्वर" म्हणतात.

महानुभावांचा आचार कडक होता. एका गावी फार दिवस राहायचे नाही, चार घरी भिक्षा मागायची, एकांतात बसायचे, नामस्मरण करायचे. जिथे कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी जायचे, कारण ओळख झाली की ममता होते आणि ममता झाली की माणूस अडकतो. माणसाच्या स्वभावाविषयीचे हे एक पक्के मत आहे: मन हे चिकटणारे आहे, म्हणून त्याला चिकटायला जागाच ठेवायची नाही.

असा आचार पाळणाऱ्या भास्करभट्टांनी एक काव्य लिहिले, "शिशुपालवध". साधारणपणे १३१२ साल धरतात. १०८७ ओव्यांचा ग्रंथ. नाव शिशुपालाच्या वधाचे. पण वध एका कोपऱ्यात आटोपला आहे. कवीचे मन रमले आहे ते रुक्मिणीच्या रुसव्यात, तिच्या विरहात, कृष्णाच्या समजावणीत. संन्याशाच्या लेखणीतून उतरलेले हे घर इतके जिवंत आहे, की वाचताना आपण विसरून जातो, या माणसाने घर केव्हाच सोडले आहे.

ग्रंथ पुरा झाला आणि कवीने तो एका गुरुबंधूला दाखवला. पंथातली हकीकत अशी की गुरुबंधूने ग्रंथाची तारीफ केली, आणि लगेच सांगितले, की हा संसारात गुंतलेल्यांना आवडेल, निवृत्त झालेल्यांच्या उपयोगाचा नाही. तुम्ही कधी काही लिहिले असेल तर हे वाक्य किती लागते हे तुम्हाला कळेल. भास्करभट्ट वाद घालत बसले नाहीत. त्यांनी दुसरा ग्रंथ हाती घेतला, "उद्धवगीता". ८२७ ओव्या, भागवताच्या अकराव्या स्कंधावर. त्या सुमारास देवगिरी कोसळत होती. १३१३ मध्ये मलिक काफूरने शंकरदेव यादवाला ठार केले. १३१८ पर्यंत यादवांचे राज्य उरलेच नाही. अशा दिवसांत दोन साधू एका काव्यात प्रेम किती असावे यावर बोलत होते. कोणी म्हणेल, घराला आग लागली असता हे काय? मला उलट वाटते. राज्ये जात असतात तेव्हाच माणूस विचारतो, की आता धरून काय ठेवायचे.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पंथाने "शिशुपालवध" टाकून दिला नाही. महानुभावांच्या पूज्य "साती ग्रंथां"त उद्धवगीतेबरोबर तोही आहे. निवृत्तांच्या कामाचा नाही म्हणून ठपका ठेवलेले पुस्तक निवृत्तांनीच सांकेतिक लिपीत शतकानुशतके नकलून जपले. नियम एक सांगत होता, आणि माणसाचे मन आपल्या बोचक्यात रुक्मिणीचा रुसवा बांधून बरोबर नेत होते. याला कोणी ढोंग म्हणू नये. मी याला माणूस म्हणतो.

आता तो अकरावा स्कंध. यावरच पुढे पैठणच्या एकनाथांनी प्रचंड टीका लिहिली आणि १५७३ मध्ये काशीत पुरी केली; तिला आपण एकनाथी भागवत म्हणतो. म्हणजे पाहा, मूळ ग्रंथ एकच, तो भास्करभट्टांनी घर सोडून वाचला आणि नाथांनी बायकोमुलांत राहून वाचला. दोघेही गोदावरीच्या खोऱ्यातले. तेव्हा ग्रंथ वाचून घर सुटते किंवा टिकते असे नाही. उत्तर ग्रंथात नसावे, किंवा दोन्ही उत्तरे त्यात असावीत.

या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा येते. पृथ्वी, वारा, अजगर, पतंग, कोळी, अशी ती यादी. त्यातली एक गुरू आहे एक लहान मुलगी. घरची माणसे बाहेर गेलेली, आणि तिला मागणी घालायला पाहुणे दारात. ती आत साळी कांडायला बसते. हात हलले की बांगड्या वाजतात, आणि आवाज बाहेर गेला तर पाहुण्यांना कळणार, की या घरात कांडायलासुद्धा दुसरे माणूस नाही. लाजेने ती एकेक बांगडी काढते. दोन उरल्या तरी वाजतात. शेवटी हातात एकेकच ठेवते. अवधूताने यातून धडा घेतला: दोघे आले की बोलणे, अनेक आले की भांडण, म्हणून एकटे असावे.

धडा खोटा नाही. पण वर्गात हा भाग सांगताना मला नेहमी वाटते, अवधूताने बांगड्या ऐकल्या, उखळ ऐकले नाही. त्या मुलीला एकांत हवा नव्हता. तिला गरिबी झाकायची होती आणि पाहुण्यांना जेवू घालायचे होते. तिने कांडलेल्या भाताच्या भिक्षेवरच कोणा साधूचा एकांत चालत असेल, हे त्या यादीत कुठे येत नाही. हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हे. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने चिंतनाचे जीवन सर्वांत श्रेष्ठ ठरवले, आणि काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात असेही त्यानेच मांडले. चिंतनाला फुरसत लागते, आणि फुरसत कोणाच्या तरी हातांतून येते.

त्या उखळापाशी बसलेली बाई स्वतः बोलली असती तर काय म्हणाली असती? आपले भाग्य असे की ती बोललेली आहे, आणि तीही आपल्याच जिल्ह्यातली. फाट्यावरून सेलूमार्गे परभणीला आणि तिथून खाली गोदावरीवर गेले की गंगाखेड. दमा आणि करुंड यांची मुलगी जनी येथली, असे परंपरा सांगते. लहानपणीच तिला पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवले, आणि नामदेवांच्या त्या घरात ती दासी म्हणून राबली. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांत दळण आहे, कांडण आहे, शेण वेचणे आहे, झाडलोट आहे. आणि विठ्ठल या सगळ्या कामांत तिच्याबरोबर जात्याचा खुंटा धरून आहे.

प्रपंच सोडावा की सांभाळावा, हा वाद जनाबाईला लागूच होत नाही. सोडायला आधी घर आपले असावे लागते. रामदासांनी सोडले कारण त्यांना होते. नाथांनी सांभाळले कारण त्यांना होते. जनीला माहेर आठवण्यापुरतेच, सासर नाही, आणि राहते घर मालकाचे. तिने प्रश्नच बदलला. घरात की रानात, हे न विचारता तिने देवालाच कामाला लावले. पंडितांच्या देवाला ध्यान लागते. हिचा देव दळू लागतो. मला वाटते, चांगले जगणे म्हणजे काय यावर आपल्या भाषेत झालेला हा फार धाडसी विचार आहे, आणि तो तत्त्वज्ञानाच्या तासाला क्वचितच शिकवला जातो, कारण तो जात्यावर बसून केलेला आहे. अर्थात तिच्या कष्टांना देवाचा हात लागला म्हणून तिचे दासीपण न्याय्य ठरत नाही. अभंगाखाली स्वतःला नामदेवाची दासी म्हणवून घेताना तिला अभिमान वाटत असेल, थकवाही असेल, दोन्ही ऐकावेत.

हे सगळे मी त्या मुलाला फाट्यावर सांगितले नाही. तेवढी अक्कल मला होती. फक्त विचारलं, "तू गेल्यावर म्हशीचं कोण बघणार?"

"आई बघेल की सर. आणि ताई आहे. म्हणजे धाकटी, पण आम्ही ताईच म्हणतो."

"ती काय करते?"

"दहावीला आहे." एवढे बोलून तो गप्प झाला. चहाचा ग्लास त्याने बराच वेळ हातात फिरवला. मग सेलूची गाडी आली आणि आम्ही दोघेही चढलो, कारण दोघांनाही तिकडेच जायचे होते. वाटेत तो पिकाविषयी बोलला, पाण्याविषयी बोलला. त्या विषयावर एक शब्द नाही.

तो पुण्याला गेला. ताईची दहावी झाल्यावर, जूनमध्ये. जाण्याआधी एक म्हैस विकली.