मदतीच्या पैशावरची अट

पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 8 डिसेंबर 1949 रोजी यूएनआरडब्ल्यूए ही संस्था स्थापन केली. 1 मे 1950 पासून तिचे काम सुरू झाले. तेव्हा निर्वासित होते साडेसात लाखांच्या आसपास. तंबू, रेशनकार्ड आणि पिठाचे पोते हा तिचा सुरुवातीचा संसार; शाळा आणि दवाखान्यांचा व्याप पुढे वाढत गेला. खर्च मात्र जवळजवळ सगळा देशांच्या ऐच्छिक देणग्यांवर, आणि त्यात अमेरिकेचा वाटा दीर्घकाळ सर्वांत मोठा. त्यामुळे संस्थेची नाडी वॉशिंग्टनच्या हाती राहिली.

1960च्या दशकात अमेरिकी काँग्रेसने 1961च्या परकीय मदत कायद्यातील कलम 301(क) मध्ये अट घातली. ‘पॅलेस्टाइन लिबरेशन आर्मी’त किंवा अन्य गनिमी संघटनेत लष्करी शिक्षण घेणाऱ्या निर्वासितावर अमेरिकी पैसा खर्च होऊ नये, यासाठी संस्थेने शक्य ते सर्व उपाय योजावेत, अशी ती अट. कागदावर ती सोपी दिसते. पण संस्थेकडे ना पोलीस, ना गुप्तहेर; छावण्यांचा बंदोबस्त यजमान देशांकडे. रेशनच्या रांगेत उभ्या माणसाच्या घरी बंदूक आहे का, हे कारकुनाने ओळखायचे कसे?

पुढे प्रश्न अटीपुरता न राहता थेट निधी बंद करण्यापर्यंत गेला. 2018 मध्ये ट्रम्प प्रशासनाने निधी थांबवला, 2021 मध्ये बायडेन यांनी तो पुन्हा सुरू केला. दोन्ही निर्णय प्रशासनाचे होते, काँग्रेसचे नव्हे. जानेवारी 2024 मध्ये इस्रायलने संस्थेच्या बारा कर्मचाऱ्यांवर हमासने 7 ऑक्टोबर 2023 रोजी इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सहभागाचा आरोप केला आणि मार्चमध्ये काँग्रेसने खर्चाच्या कायद्यातच 25 मार्च 2025 पर्यंत निधीबंदी घातली. ती मुदत संपण्याआधीच, फेब्रुवारी 2025 मध्ये, ट्रम्प यांच्या आदेशाने बंदी कायम झाली.