वेगमापक, मोटारगाडीतील (बीड जिल्हा)

वेगमापक : धावत्या वाहनाचा त्या क्षणीचा वेग चालकास दर्शविणारे उपकरण. हे उपकरण रस्ता प्रत्यक्ष मोजीत नाही; चाकाचे किंवा त्यास जोडलेल्या दंडाचे फेरे मोजून त्यांवरून वेग दाखविते. त्यामुळे चाक बदलल्यास उपकरणाचे वाचन मोजलेल्या अंतराशी ताडून दुरुस्त करावे लागते. या क्रियेस अंकन परीक्षण म्हणतात.

चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजण्याची कल्पना प्राचीन असून व्हिट्रूव्हिअस व हेरॉन यांनी तशा यंत्रांची वर्णने केली आहेत. ऑटो शुल्ट्से यांनी १९०२ मध्ये चुंबकीय वेगमापकाचे एकस्व घेतले. त्यात तारदोरीने फिरणारे चुंबक ॲल्युमिनियमाच्या पेल्यात विद्युत् प्रवाह प्रवर्तित करते व स्प्रिंगेच्या विरोधाविरुद्ध पेल्यास जोडलेला काटा सरकतो. विसाव्या शतकातील बहुतेक मोटारी, जीपगाड्या व बसगाड्या यांत हीच रचना होती.

बीड जिल्ह्यात परळी वैजनाथ हे जुने रेल्वे प्रस्थानक असले, तरी बीड शहरातून प्रवासी रेल्वेगाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोपर्यंत जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाचे दळणवळण रस्त्यांवरच अवलंबून होते. हा जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. तेथे निझाम राज्य रेल्वेने १९३२ मध्ये बससेवा सुरू केली. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला व त्याची राज्य परिवहन सेवा १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. १९५६ च्या वजने व मापे कायद्यानंतर मैलाच्या दगडांची जागा क्रमाने किलोमीटरच्या दगडांनी घेतली.

इलेक्ट्रॉनीय वेगमापकात तारदोरी नसते. चाकाजवळ किंवा दंतचक्रपेटीवर बसविलेला, बहुधा हॉल परिणामावर चालणारा संवेदक दर फेऱ्यास ठराविक विद्युत् स्पंद देतो. एका किलोमीटरला किती स्पंद पडतात, हा अंक उपकरणात नोंदविलेला असतो. उदा., चाकाचा परीघ १·९० मी. व दर फेऱ्यास ४ स्पंद असल्यास किलोमीटरला सु. २,१०५ स्पंद पडतात. फेरबदल केलेल्या गाडीस २·०९ मी. परिघाचे चाक बसविल्यास ते सु. १,९१४ होतात. जुना अंक तसाच राहिल्यास काटा ताशी ८० किमी. दाखवीत असता खरा वेग ८८ किमी. असतो. थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने केवळ गतिरोधनाचे अंतर २१ टक्क्यांनी वाढते. चालकास मात्र त्याची जाणीव नसते. संवेदक दंतचक्रपेटीवर असल्यास मागील आसाच्या दंतचक्रांचे गुणोत्तर बदलल्यानेही असाच दोष उद्भवतो.

परीक्षणासाठी टायरमध्ये योग्य दाबाची हवा भरून, सपाट व सरळ रस्त्यावर, रहदारी विरळ असताना गाडी एकसारख्या वेगाने चालवितात व सोबत्याकडून वेळ मोजवून घेतात. एक किलोमीटरला ४५ सेकंद लागल्यास वेग ताशी ८० किमी. असतो. एका सेकंदाच्या चुकीने येथे सु. २ टक्के फरक पडतो. पाच किलोमीटरांवर तोच अर्ध्या टक्क्याहून कमी होतो. बीड जिल्ह्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्र. ५२ वर गेवराईकडील गोदावरी खोऱ्याचा सपाट भाग या कामास मांजरसुंब्याच्या घाटापेक्षा सोयीचा ठरतो. रुंदीकरणात व वळणरस्त्यांमुळे दगडांची स्थाने बदललेली असू शकतात. म्हणून उपग्रह संकेतांवरून मिळणाऱ्या वेगाशीही वाचन ताडून पाहतात.

संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या विनियमानुसार दर्शित वेग खऱ्या वेगापेक्षा कमी असता कामा नये. तो खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किमी. एवढ्या मर्यादेपर्यंतच जास्त असू शकतो. चूक सुरक्षिततेच्या बाजूस राहावी, हा त्यामागील हेतू होय. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ वेगमापकाविषयी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांवर निर्बंध घातले असून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांचा पुनरुच्चार केला. त्यामुळे गाडीत बदल करण्यापूर्वी बीड किंवा अंबाजोगाई येथील परिवहन कार्यालयाकडून त्याची ग्राह्यता ठरवून घेणे आवश्यक ठरते. अंकन परीक्षण ही त्यानंतरची पायरी होय.