‘अतिप्रसंग’ : एका शब्दाचा अर्थेतिहास

मराठी वृत्तपत्रांत, पोलिसी फिर्यादींत आणि त्यांच्यामागोमाग कथा-कादंबऱ्यांत ‘अतिप्रसंग’ हा शब्द स्त्रीशी केलेल्या लैंगिक गैरवर्तनासाठी इतका रुळला आहे की, मुळात तो शास्त्रचर्चेतील पारिभाषिक शब्द होता याचा विसर पडावा. कात्यायनाच्या वार्तिकांत आणि पतंजलीच्या महाभाष्यात तो वारंवार येतो. एखादे सूत्र जेथे लागू व्हावयास नको तेथेही लागू होऊ लागले, की वैयाकरण ‘अतिप्रसंग’ म्हणून हरकत घेतो. नैयायिकांची ‘अतिव्याप्ती’ याच कुळातली. हा दोष नियमाचा आहे. कोणा माणसाच्या वर्तनाचा नव्हे.

शास्त्रातला हा शब्द देहापर्यंत कसा पोहोचला? ‘प्रसंग’ शब्दाच्या मुळाशी ‘सञ्ज्’ म्हणजे चिकटणे, आसक्त होणे हा धातू आहे. त्यामुळे ‘स्त्रीप्रसंग’ हा समागमवाचक शब्द संस्कृतातूनच मराठीला मिळाला. दुसरीकडे मराठीने ‘प्रसंग’ला वेळ, घटना आणि विशेषतः संकट हा अर्थ दिला : प्रसंग येतो, ओढवतो, गुदरतो. आजच्या ‘अतिप्रसंगा’त मर्यादेचे उल्लंघन, देहसंबंध आणि आपत्ती या तिन्ही छटा एकवटल्या आहेत. शब्द उपयोगी पडतो तो या संदिग्धतेमुळेच. पण तिची किंमत कोण मोजते हे पाहावयास हवे.

पहिली अडचण ‘अति’ या उपसर्गाची. तो कृत्याचे प्रमाण सांगतो, प्रकार सांगत नाही. जणू काही प्रमाणात ‘प्रसंग’ क्षम्य होता आणि पुढे तो हाताबाहेर गेला. दुसरी अडचण विभक्तिप्रत्ययाची आहे, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. मराठीत ‘तिच्याशी अतिप्रसंग केला’ आणि ‘तिच्यावर अतिप्रसंग झाला’ अशा दोन्ही रचना आढळतात. ‘शी’ हा प्रत्यय बोलणे, भांडणे, लग्न करणे अशा दोघांच्या सहभागाच्या क्रियांना लागतो. ‘वर’मध्ये क्रिया एकतर्फी होते खरी, परंतु ‘झाला’ म्हणताच कर्ता वाक्याबाहेर पडतो. एका रचनेत स्त्री सहभागी ठरते, तर दुसरीत पुरुष नाहीसा होतो. सांगली-माधवनगरच्या बोलण्यात हा शब्द सहसा कोणी वापरत नाही. तेथे ‘हात धरला’, ‘अंगावर गेला’, ‘अब्रूवर हात टाकला’ असे म्हणतात. या वाक्यांना कर्ता असतो.

पेशवाईतील कागदपत्रांची परिभाषा वेगळी होती. तेथील ‘शिंदळकी’ हा गुन्हा जातिव्यवस्था आणि सरकार यांच्याविरुद्धचा होता. स्त्रीच्या संमतीचा प्रश्न त्यात गौण राही. दंड पुरुषालाही होई, मात्र कित्येक स्त्रियांच्या वाट्याला बटीक होणे आले. ‘अतिप्रसंग’ त्या मानाने सौम्य व सभ्य वाटतो. पण स्त्रीची तक्रार कोणत्या शब्दांत ऐकून घ्यायची, हा प्रश्न त्याहून कितीतरी जुना आहे.

त्याची चर्चा महाभारताच्या विराटपर्वातच आहे. कीचक सैरंध्रीला भर सभेत लाथ मारतो. तिने दाद मागितल्यावर विराट म्हणतो की, तुम्हा दोघांचा कलह माझ्या परोक्ष घडला, खरे काय ते मला ठाऊक नाही. एकाने केलेला हल्ला येथे दोघांचा कलह झाला. मघाच्या ‘शी’चाच हा न्याय. कंकवेषातील युधिष्ठिर तर तिला वेळ न जाणणारी म्हणतो आणि तिच्या रडण्याला नटीची उपमा देतो. तिला प्रसंगावधान नाही, हा त्याचा आक्षेप.

मूळचे सांगलीचे कृ. प्र. खाडिलकर (१८७२–१९४८) यांनी हेच कथानक ‘कीचकवध’ नाटकासाठी निवडले. १९०७ साली ते रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी कीचकात कर्झन, सैरंध्रीत हिंदभूमी, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल ओळखले. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. (नाटकाचे सरकारइतके बारकाईने वाचन आपल्या समीक्षकांनीही क्वचितच केले असेल.) रूपकाचे सामर्थ्य निर्विवाद आहे, पण त्यात सैरंध्रीची तक्रार राष्ट्राची झाली आणि तिची स्वतःची म्हणून उरली नाही. त्याच राजकीय मराठीत ‘अत्याचार’ म्हणजे हिंसक कृत्य, आणि गांधीयुगातील असहकार ‘अनत्याचारी’. हा शब्द ‘महिलांवरील अत्याचार’ म्हणून स्त्रीच्या देहाकडे आला तो पुष्कळ नंतर, आणि येथेही उपसर्ग ‘अति’च.

देसाईगंज पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ रोजी घडलेल्या घटनेच्या खटल्यात हाच शब्दार्थाचा वाद न्यायालयात उभा राहिला. समागम आणि बलात्कार यांत मोठे अंतर असल्याचे सांगून सत्र न्यायालयाने पोलिसांना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे, असा भेद करून शिक्षा दिली; सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. त्यानंतर उठलेल्या विरोधातून १९८३ ची कायदेदुरुस्ती झाली. मराठीच्या प्रत्ययांत सांगायचे तर, तिन्ही निकालांचा वाद ‘शी’ की ‘वर’ एवढाच होता.

कायद्याच्या मराठीने निवडलेला ‘विनयभंग’ही निर्दोष नाही. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३५४ चा (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील कलम ७४ चा) हा शब्द. विनय हा स्त्रीचा गुण, आणि भंगतो तोही तोच; जिच्या ठायी विनय नाही असे कोणी ठरविले, तिच्या बाबतीत गुन्हा कशाचा?

२०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या स्त्रियांविषयीच्या कायद्याने रूढ केलेला ‘लैंगिक छळ’ मला यांहून बरा वाटतो. योगायोग असा की, ‘छल’ हाही न्यायशास्त्राचाच शब्द. प्रतिपक्षाच्या वाक्यावर त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ लादणे म्हणजे छल, आणि त्यातील ‘सामान्यछल’ हा प्रकार तर अर्थ अतिव्यापक करण्याचाच. मराठीत येताना मात्र ‘छळ’ने वादविवाद मागे टाकला, आणि त्याला ‘शी’ हा प्रत्यय लागत नाही. छळ कोणाचा, हे षष्ठीने सांगावे लागते. तो कोणी केला, हा प्रश्न लगेच पुढे येतो.