पॉलिशचा हात

जुन्या लाकडी सामानाला नव्याने पॉलिश करणे आपल्याकडे दुरुस्तीच्या खात्यात जमा होते, निर्मितीच्या नव्हे. सुतार घडवतो आणि पॉलिशवाला केवळ चकाकी आणतो, असा सर्वसाधारण समज. हा समज तपासायचा तर फ्रेंच पॉलिशचा इतिहास पाहावा लागतो.

नाव फ्रेंच असले तरी माल इथला. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा स्राव साठवतात, तो खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पापुद्रे केले की चपडा लाख तयार होते. आजही देशात सर्वाधिक लाख झारखंडात निघते, आणि रांचीजवळ नामकुम येथे तिच्या संशोधनासाठी 1924 साली स्वतंत्र संस्था स्थापन झाली. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने लाकडावर चढवण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिस-लंडनच्या कारागिरांत रूढ झाली, आणि आमची लाख परक्या नावाने आमच्याकडे परतली. (बालगंधर्वांचा आवाज ज्या तबकड्यांत उतरला, त्या तबकड्यांतही हीच लाख होती. तर मुंबईच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यात फ्रेंच पॉलिशचा नावानिशी उल्लेख आहे. त्यातले स्पिरिट पिणारेही होतेच!)

या पॉलिशची खरी गंमत त्याच्या स्वभावात आहे. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा, तो अडकू नये म्हणून तेलाचा एखादा थेंब द्यायचा आणि गोलाकार हात फिरवत राहायचे. एक थर वाळला की दुसरा. पण दुसऱ्या थरातले स्पिरिट पहिल्या थराला किंचित विरघळवते आणि दोन्ही एकजीव होतात. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या पॉलिशवर आज हात दिला, तर दोन कारागिरांची कामे एकमेकांत मुरतात. पुढे कोणाचे किती, हे सांगता येत नाही. आजच्या मेलामाइन वा पॉलियुरेथेनचे तसे नाही. ते घट्ट कवचासारखे बसते. नवे करायचे तर जुने घासून काढावे लागते. लाख दुबळी खरीच. गरम कप ठेवला की पांढरे वळे उमटते. पण ती पुढच्या हाताला वाव ठेवते.

मराठीच्या अभ्यासकाला येथे ज्ञानेश्वरीची आठवण यावी. शके 1506 मध्ये एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली. पुढे राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून 1909 मध्ये आपली आवृत्ती काढली. नाथांचा हात वगळून मूळ लाकूड पाहण्याची ती जिद्द होती. ही जिद्द आम्हांला आदरणीय वाटते. तिच्यावाचून संशोधन उभेच राहत नाही. तथापि वारकऱ्यांच्या मुखी जी ज्ञानेश्वरी राहिली ती नाथांच्या हाताखालून आलेली. नाथांनी स्वतःचे काही जोडले नाही असे मानले, तरी काय ठेवावे आणि काय काढावे हे ठरवणारी दृष्टी त्यांचीच होती. त्या दृष्टीला सर्जन म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे?

जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जुन्या सामानाचे ढीग दिसतात. तेथे दोन टोकांचे ग्राहक येतात. एकाला सारे नव्यासारखे हवे असते, दुसऱ्याला मुद्दाम जुनाट. दोघेही पॉलिशवाल्याला विचार करू देत नाहीत.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक सागवानी टेबल होते. कोणे एके काळी त्यावर चॉकलेटी तैलरंग फासलेला. तो खरवडल्यावर मधोमध शाईचा तळहाताएवढा डाग निघाला आणि विभागात दोन तट पडले. डाग इतिहास आहे, असे काहींचे म्हणणे. डाग तो डागच, असे इतरांचे. पॉलिश करणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. मग डागाभोवतीचे लाकूड हलक्या कागदाने घासून, लाखेत तांबूस रंगाची चिमूट मिसळून त्यांनी असा हात दिला, की डाग सागाच्या रेषांत अर्धा मुरला. आता तो शोधणाऱ्यालाच दिसतो. मजुरी त्यांनी टेबलाच्या मापानेच घेतली.